मोकळा रकाना आणि फौजदारी गुन्हा

अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात हार्वर्ड आणि एमआयटी ही दोन विद्यापीठे एकमेकांपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहेत. २८ जानेवारी २०२० रोजी हार्वर्डच्या रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख चार्ल्स लीबर यांना एफबीआयने अटक केली. वर्ष पुरे व्हायच्या आत, १४ जानेवारी २०२१ रोजी, एमआयटीतले यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक गांग चेन यांना अटक झाली. दोघेही आपापल्या क्षेत्रातले अव्वल संशोधक. आरोपही वरवर पाहता सारखाच: चीनमधल्या संस्थांशी असलेले संबंध अमेरिकी सरकारपासून दडवले. दोन्ही खटले उभे करणारे सरकारी वकीलही एकच, अँड्र्यू लेलिंग. पुढे लीबर यांना ज्युरीने सहाही आरोपांत दोषी ठरवले. चेन यांच्यावरचे सगळे आरोप मात्र सरकारने वर्षभरानंतर स्वतःहून मागे घेतले. जी माहिती दडवली म्हणून त्यांना पकडले, ती देणे अर्जाच्या वेळी बंधनकारक नव्हते, असे अनुदान देणाऱ्या ऊर्जा खात्याच्याच अधिकाऱ्यांकडून पुढे आले.

ज्या मोहिमेला या दोन माणसांतला फरक अटकेआधी कळला नाही, ती मोहीम मुळातच चुकली होती असे माझे मत आहे. परदेशाशी असलेले आर्थिक आणि संशोधनाचे संबंध शास्त्रज्ञाने सांगितलेच पाहिजेत, याबद्दल मला शंका नाही. जनतेच्या पैशावर संशोधन करणाऱ्याला जाब विचारण्याचा जनतेला हक्क आहे. पण तो जाब कोणी विचारायचा, कोणत्या नियमाने विचारायचा आणि नियम आधी स्पष्ट केला होता का, हे प्रश्न बाजूला ठेवून थेट तुरुंगाची भीती दाखवली गेली. गेल्या काही वर्षांत अमेरिकेत जे घडले ते नीट पाहिले तर त्यातून सुरक्षा फारशी मिळाली नाही आणि नुकसान मात्र पुष्कळ झाले, असेच दिसते.

आधी हे प्रकरण ज्या कागदावर उभे आहे तो कागद पाहू. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्था, नॅशनल सायन्स फाउंडेशन, ऊर्जा खाते, नासा अशा सरकारी संस्थांकडे अनुदान मागताना प्राध्यापकाला संशोधनाच्या प्रस्तावाबरोबर आपली माहिती द्यावी लागते. त्यात एक भाग असतो तो सध्या मिळत असलेल्या आणि मागितलेल्या इतर आर्थिक मदतीचा. त्यामागची कारणे साधी आहेत. एकाच कामासाठी दोन ठिकाणांहून पैसे घेतले जाऊ नयेत. वर्षातले नऊ महिने इथे आणि सहा महिने तिथे असे अशक्य गणित कोणी मांडू नये. दुसऱ्याचा अप्रकाशित प्रस्ताव तपासायला आलेला माणूस तो गुपचूप तिसऱ्याकडे पाठवत नाही, याची खात्री असावी. अमेरिकी पैशातून जन्मलेल्या कल्पनेवर दुसऱ्या देशात तीच प्रयोगशाळा पुन्हा उभी राहत असेल, तर ते देणाऱ्याला ठाऊक असावे. हे सगळे रास्त आहे.

घोटाळा पुढे होता. रकान्यात नेमके काय लिहायचे याची व्याख्या संस्थेगणिक वेगळी होती आणि दर काही वर्षांनी बदलत होती. मानद पद सांगायचे का? पैसे न घेता विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले तर ते सांगायचे का? सुट्टीत दिलेल्या व्याख्यानांचे मानधन? परदेशी विद्यापीठाने पैसे आपल्या विद्यापीठाला दिले, पण कामात आपले नाव आहे, तर? २०१८च्या आधी बहुतेक प्राध्यापक हा भाग कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांच्या मदतीने भरत आणि पुढे जात. चुकले तर विद्यापीठाचे पत्र येई, दुरुस्ती होई. सरकारी संस्थेला खोटे निवेदन देणे हा अमेरिकेत पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. अर्ज इंटरनेटवरून जात असल्याने त्याला तारायंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक साधनांनी केलेल्या फसवणुकीचे कलम लावता येते आणि त्याची शिक्षा वीस वर्षांपर्यंत जाते. ही कलमे आधीपासून होतीच. मोकळ्या रकान्यासाठी ती सरसकट वापरायचे ठरले ते नंतर.

चिनी वंशाच्या शास्त्रज्ञांवर संशय घेण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. कॅलटेकमधले रॉकेटतज्ज्ञ चियान शुएसेन यांची गोपनीय कामाची परवानगी १९५०मध्ये काढून घेतली गेली. पाच वर्षे नजरकैदेसारख्या अवस्थेत काढून ते १९५५मध्ये चीनला परतले आणि त्या देशाच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे जनक ठरले. १९९९च्या डिसेंबरात लॉस अलामोस प्रयोगशाळेतल्या वेन हो ली यांच्यावर ५९ आरोप ठेवले गेले. २७८ दिवस ते एकांत कोठडीत होते. शेवटी एकाच आरोपाची कबुली घेऊन त्यांना सोडले गेले आणि न्यायाधीश जेम्स पार्कर यांनी भर न्यायालयात त्यांची माफी मागितली. २०१४मध्ये ओहायोतल्या राष्ट्रीय हवामान सेवेतल्या जलविज्ञ शेरी चेन यांना अटक झाली. पुढच्या मार्चमध्ये आरोप मागे घेतले गेले, पण नोकरीसाठी आणि नावासाठी त्यांना २०२२पर्यंत भांडावे लागले. २०१५च्या मे महिन्यात टेंपल विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ शियाओशिंग शी यांच्या घरात पहाटे हत्यारबंद एफबीआय अधिकारी शिरले. अतिवाहक पातळ थरांवर काम करणाऱ्या शी यांनी ‘पॉकेट हीटर’ नावाच्या उपकरणाचा आराखडा चीनला पाठवला असा आरोप होता. त्या उपकरणाच्या जाणकारांनी कागद पाहून सांगितले की हा तो आराखडाच नाही. सप्टेंबरमध्ये खटला संपला. तज्ज्ञाला आधी विचारण्याची तसदी घेतली असती, तर एका कुटुंबावर बंदुका रोखल्या गेल्या नसत्या.

या पार्श्वभूमीवर १ नोव्हेंबर २०१८ रोजी तत्कालीन ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी ‘चायना इनिशिएटिव्ह’ जाहीर केला. उद्देश होता व्यापारी गुपितांची चोरी आणि आर्थिक हेरगिरी रोखण्याचा, आणि हा धोका खोटा नव्हता. चीनने २००८मध्ये ‘थाउजंड टॅलेंट्स’ नावाची योजना सुरू केली होती. परदेशातल्या नामवंत संशोधकांना मोठा पगार, प्रयोगशाळा आणि हुद्दा देऊन पूर्णवेळ किंवा वर्षातले काही महिने बोलवायचे, अशी ती योजना. काही करारांत पेटंट चीनमध्ये घेण्याच्या, काहींत करार उघड न करण्याच्या अटी असत. अशा करारावर सही करून अमेरिकी सरकारकडून लाखो डॉलर घेणारे आणि दोन्हीकडे गप्प राहणारे लोक होते. त्यांच्याबद्दल मला सहानुभूती नाही.

पण इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१८च्या आधीची पंधरावीस वर्षे अमेरिकी विद्यापीठेच चीनकडे धावत होती. न्यूयॉर्क विद्यापीठाने शांघायमध्ये, ड्यूकने कुन्शानमध्ये आवारे उभारली. चिनी सहकारी असणे हे बढतीच्या अर्जात कौतुकाने लिहिले जाई. एमआयटीने शेन्झेनच्या सदर्न युनिव्हर्सिटी ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजीशी अडीच कोटी डॉलरचा करार केला तो उघडपणे, संस्था म्हणून. गांग चेन यांच्या अटकेच्या वेळी सरकारी वकिलांनी परदेशी पैशाचा जो मोठा आकडा सांगितला, त्यात याच करारातले पैसे मोजलेले होते. हे पैसे चेन यांचे नव्हेत, एमआयटीचे आहेत, असे अध्यक्ष राफाएल राइफ यांनी जाहीरपणे सांगितले. सहकाऱ्यांनी ‘आपण सगळेच गांग चेन आहोत’ अशा आशयाचे पत्र काढले, त्यावर शंभराहून अधिक प्राध्यापकांनी सह्या केल्या आणि वकिलांचा खर्च विद्यापीठाने उचलला. २० जानेवारी २०२२ रोजी खटला मागे घेतला गेला. संस्था ठामपणे मागे उभी राहिली तर काय होते, याचे हे उदाहरण आहे. अशी उदाहरणे फार थोडी आहेत.

टेनेसी विद्यापीठातल्या आनमिंग हू यांच्या वाट्याला ते आले नाही. हू नॅनोतंत्रज्ञानाचे प्राध्यापक, चीनमध्ये जन्मलेले, कॅनडाचे नागरिक. एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने इंटरनेटवर त्यांचे नाव शोधले, एक चिनी पत्रक गूगलच्या भाषांतरातून वाचले आणि ते ‘थाउजंड टॅलेंट्स’मधले असावेत असे ठरवले. हेरगिरीचा पुरावा सापडला नाही. तरी जवळपास दोन वर्षे त्यांच्यावर पाळत राहिली, त्यांच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाचाही पाठलाग झाला. चिनी लष्कराशी संबंध असल्याचे विद्यापीठाच्या वरिष्ठांना सांगितले गेले. मग मुद्दा वळला नासाकडे. २०११पासून अमेरिकी कायद्याने नासाच्या पैशातून चीनशी द्विपक्षीय सहकार्य करायला बंदी आहे. हू यांनी बीजिंगच्या तंत्रज्ञान विद्यापीठातले आपले अर्धवेळ काम विद्यापीठाला नीट सांगितले नाही आणि त्यामुळे नासाची फसवणूक झाली, असे आरोपपत्र तयार झाले. फेब्रुवारी २०२०मध्ये अटक झाली, विद्यापीठाने नोकरीवरून काढले आणि दीड वर्षाहून अधिक काळ हू घरात कैद राहिले.

जून २०२१मध्ये खटला चालला. या मोहिमेखाली एखाद्या प्राध्यापकाचा खटला ज्युरीसमोर जाण्याची ती पहिलीच वेळ होती. उलटतपासणीत तपास अधिकाऱ्याने मान्य केले की विद्यापीठाला दिलेली माहिती खरी नव्हती आणि तिच्याच आधारे हू यांना विमानप्रवास बंदीच्या यादीतही टाकले गेले होते. ज्युरीचे एकमत झाले नाही. सरकार पुन्हा खटला चालवायला निघाले, पण ९ सप्टेंबर २०२१ रोजी न्यायाधीश थॉमस व्हार्लन यांनी सगळ्या आरोपांतून त्यांची मुक्तता केली. नासाने ज्या कामासाठी पैसे दिले ते काम नासाला मिळाले होते, आणि हू यांनी तिला फसवण्याचा बेत केला असे सिद्ध झाले नाही, असा त्या निकालाचा आशय. पुढे विद्यापीठाने त्यांना पुन्हा कामावर घेतले. मधली दोन वर्षे मात्र गेली ती गेलीच, आणि प्रयोगशाळेतले विद्यार्थी, उपकरणे, चालू प्रयोग हे सगळे त्या काळात थांबून वाट पाहत नाहीत.

कॅन्सस विद्यापीठातल्या फ्रँकलिन ताओ यांचा प्रवास आणखी लांबला, आणि कायद्याच्या दृष्टीने तोच सर्वांत बोलका आहे. उत्प्रेरकांवर काम करणारे ताओ २०१९च्या ऑगस्टमध्ये पकडले गेले. चीनमधल्या फुझोउ विद्यापीठातले पद त्यांनी सांगितले नाही हा आरोप होता. एप्रिल २०२२मध्ये ज्युरीने त्यांना चार आरोपांत दोषी ठरवले. सप्टेंबरमध्ये न्यायाधीश ज्युली रॉबिन्सन यांनी फसवणुकीचे तिन्ही आरोप रद्द केले, कारण ताओ यांनी अनुदानाचे काम पूर्ण केले होते आणि कोणाचे पैसे लुबाडल्याचा पुरावाच नव्हता. उरला तो विद्यापीठाच्या वार्षिक अर्जातल्या चुकीच्या माहितीचा एक आरोप. जुलै २०२४मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तोही फेटाळला. न्यायालयाचा तर्क सरळ होता: हा अर्ज विद्यापीठाकडे दिलेला होता, आणि त्यातल्या मजकुराने ज्यावर परिणाम व्हावा असा अनुदानाचा कोणताही निर्णय त्या वेळी सरकारी संस्थांसमोर नव्हता. खोटे बोलणे आणि त्या खोट्याने सरकारच्या निर्णयावर परिणाम होऊ शकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि गुन्हा ठरायला दुसरी लागते. पाच वर्षे गेल्यावर ताओ मोकळे झाले.

आता लीबर यांच्याकडे पुन्हा वळतो, कारण त्यांचे प्रकरण विसरून ही गोष्ट सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. नॅनोतारांवर काम करणाऱ्या या रसायनशास्त्रज्ञाला २००८पासून अमेरिकी सरकारी संस्थांकडून दीड कोटी डॉलरहून अधिक अनुदान मिळाले होते. त्याच काळात त्यांनी वुहान तंत्रज्ञान विद्यापीठाशी करार केला. त्यात महिन्याला ५० हजार डॉलरपर्यंत पगार, राहण्याखाण्यासाठी वर्षाला सुमारे दीड लाख डॉलर आणि प्रयोगशाळेसाठी पंधरा लाखांहून अधिक डॉलर अशी तरतूद होती. पगाराचा काही भाग त्यांनी रोख नोटांत घेऊन अमेरिकेत आणला, काही चीनमधल्या बँक खात्यात ठेवला. दोन्ही गोष्टी प्राप्तिकराच्या कागदांत आल्या नाहीत. संरक्षण खात्याच्या तपासकर्त्यांनी विचारले तेव्हा आणि आरोग्य संस्थेने हार्वर्डमार्फत विचारले तेव्हा त्यांनी नाकारले. २१ डिसेंबर २०२१ रोजी ते दोषी ठरले: दोन आरोप खोट्या निवेदनांचे, दोन खोट्या कर विवरणपत्रांचे, दोन परदेशी खाते न कळवल्याचे. हा मोकळा राहिलेला रकाना नव्हता. समोरून प्रश्न विचारल्यावर दिलेले खोटे उत्तर होते आणि लपवलेले उत्पन्न होते. त्यावर खटला होणे मला योग्य वाटते.

शिक्षेचे स्वरूपही लक्षात घ्यावे. लीबर कर्करोगाशी झुंजत होते. एप्रिल २०२३मध्ये न्यायाधीश राया झोबेल यांनी त्यांना सहा महिने घरकैद, ५० हजार डॉलर दंड आणि बुडवलेल्या कराच्या भरपाईची शिक्षा दिली. तुरुंगात ते अटकेच्या वेळचे दोन दिवसच होते. २०२५मध्ये ते चीनला गेले आणि त्सिंगहुआ विद्यापीठाच्या शेन्झेनमधल्या पदव्युत्तर संस्थेत प्राध्यापक म्हणून रुजू झाले. ज्या माणसाचे ज्ञान चीनच्या हाती लागू नये म्हणून एवढा खटाटोप केला, तो माणूस आता पूर्णवेळ तिथे काम करतो.

कडक शिक्षा झालेली प्रकरणेही आहेत. ओहायो स्टेटमधले संधिवाततज्ज्ञ सोंग ग्वो झेंग यांनी सुमारे ४१ लाख डॉलरच्या आरोग्य संशोधन अनुदानाबाबत खोटी माहिती दिली. ते देश सोडून निघाले असताना अलास्कात पकडले गेले आणि त्यांना ३७ महिन्यांची कैद झाली. आर्कान्साचे सायमन अँग यांनी चीनमध्ये घेतलेल्या पेटंटांबद्दल एफबीआयशी खोटे बोलल्याचे कबूल केले. त्यांना एक वर्ष एक दिवस शिक्षा झाली. आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे असे एक नाव मेय्या मेय्यप्पन यांचे. नासाच्या एम्स केंद्रातले हे भारतीय वंशाचे ज्येष्ठ नॅनोतज्ज्ञ चीनच्या ‘थाउजंड टॅलेंट्स’ योजनेत सामील असल्याचे लपवल्याबद्दल ३० दिवस तुरुंगात गेले आणि त्यांना एक लाख डॉलर दंड झाला. जाळे चिनी नावांसाठी टाकले होते, पण नियम सगळ्यांनाच लागू होते.

एकूण हिशोब काय? एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या नियतकालिकाने २०२१च्या अखेरीस या मोहिमेतली ७७ प्रकरणे तपासली. आरोपींची संख्या सुमारे दीडशे, त्यांतले जवळपास ९० टक्के चिनी वंशाचे, आणि दोषी ठरलेले किंवा गुन्हा कबूल केलेले साधारण चौथा हिस्सा. मूळ उद्देश जो आर्थिक हेरगिरीचा, ते कलम लावलेली प्रकरणे अल्प होती. पत्रकारांनी विचारणा केल्यावर न्याय खात्याने आपल्या संकेतस्थळावरची यादीच बदलली. प्राध्यापकांचे खटले वाढण्याचे कारण मला सरळ दिसते: हेरगिरी सिद्ध करायला वर्षे लागतात, अर्जातली तफावत मात्र दोन कागद शेजारी ठेवले की दिसते. खुद्द लेलिंग यांनी पद सोडल्यावर जाहीरपणे लिहिले की मोहीम मूळ उद्देशापासून ढळली आहे. २३ फेब्रुवारी २०२२ रोजी राष्ट्रीय सुरक्षा विभागाचे प्रमुख मॅथ्यू ओल्सन यांनी ती बंद करत असल्याचे सांगितले. चिनी वंशाच्या लोकांना सरकार वेगळ्या मापाने मोजते अशी भावना पसरली आहे, हे त्यांनी मान्य केले.

न्यायालयात जे गेले त्यांची नावे निदान नोंदली गेली. त्याहून मोठी संख्या कधीच न्यायालयात न गेलेल्यांची आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत काळा भाग तोच आहे. ऑगस्ट २०१८मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे संचालक फ्रान्सिस कॉलिन्स यांनी सुमारे दहा हजार संस्थांना पत्र पाठवून परदेशी संबंधांबद्दल सावध केले. मागोमाग संस्थेने विशिष्ट शास्त्रज्ञांची नावे विद्यापीठांना कळवायला सुरुवात केली. सायन्स साप्ताहिकाने २०२३मध्ये दिलेल्या माहितीनुसार अशा २४६ जणांची चौकशी झाली आणि त्यांपैकी १०३ जणांच्या नोकऱ्या गेल्या. बहुसंख्य आशियाई वंशाचे होते. आरोपपत्र नाही, उलटतपासणी नाही, ज्युरी नाही. अनुदान गमावण्याच्या भीतीने विद्यापीठाने बोलावून सांगितले की राजीनामा द्या, आणि माणूस गेला. हू यांना निदान व्हार्लन भेटले. या शंभर जणांना कोणीच भेटले नाही.

आणि संस्थांनी स्वतः काय केले? अडीच लाख डॉलरहून मोठ्या परदेशी देणग्या सरकारला कळवणे विद्यापीठांवर बंधनकारक आहे. अमेरिकी शिक्षण खात्याने २०२०मध्ये सांगितले की चौकशीचा बडगा उगारल्यावर साडेसहा अब्ज डॉलरच्या आधी न कळवलेल्या देणग्या बाहेर आल्या. त्यासाठी कुठल्याही कुलगुरूला अटक झाली नाही. व्हायला हवी होती असे मी म्हणत नाही. साडेसहा अब्जांची चूक पत्रव्यवहाराने सुधारता येते, तर एका प्राध्यापकाच्या मानद पदाची का नाही, हा माझा प्रश्न आहे.

आता कुठे उत्तर त्या दिशेने सरकते आहे. परदेशी मदतीबद्दल योग्य माहिती न दिल्याबद्दल स्टॅनफर्डने २०२३मध्ये १९ लाख डॉलर आणि क्लीव्हलंड क्लिनिकने २०२४मध्ये ७६ लाख डॉलर देऊन दिवाणी तडजोड केली. याच क्लिनिकमधल्या छिंग वांग या हृदयविकार-आनुवंशिकीच्या संशोधकावर फौजदारी खटला भरला होता आणि तो सरकारने २०२१मध्ये मागे घेतला होता. नॅशनल सायन्स फाउंडेशनने ‘जेसन’ या स्वतंत्र शास्त्रज्ञगटाकडून करवून घेतलेल्या अभ्यासाने २०१९च्या डिसेंबरातच सुचवले होते की माहिती न देणे हे संशोधनातल्या सचोटीचे उल्लंघन मानावे आणि विद्यापीठ व अनुदान संस्थेने त्याचा निवाडा करावा. तो सल्ला तेव्हाच ऐकला असता तर! जानेवारी २०२१च्या अध्यक्षीय आदेशाने सगळ्या संस्थांचे अर्ज एकसारखे करायला सांगितले. २०२२च्या चिप्स अँड सायन्स कायद्याने चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया या देशांच्या घातक ठरवलेल्या भरती योजनांत असलेल्यांना सरकारी अनुदानातून वगळले. व्याख्या आता पूर्वीपेक्षा पुष्कळ स्पष्ट आहेत. पण राजकारण थांबलेले नाही. सप्टेंबर २०२४मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने जुन्या मोहिमेसारखीच मोहीम पुन्हा सुरू करण्याचे विधेयक मंजूर केले होते.

दरम्यान माणसे निघाली. २०२३मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात चिनी वंशाच्या १,३०४ प्राध्यापकांना विचारले गेले. ७२ टक्क्यांना संशोधक म्हणून असुरक्षित वाटत होते, ६१ टक्क्यांनी देश सोडण्याचा विचार केला होता. सरकारी अनुदान मागायचेच नाही असे ठरवणारेही अनेक निघाले, कारण अर्जच नसेल तर अर्जातली चूक नाही. देशाच्या सुरक्षेसाठी चाललेल्या मोहिमेने त्याच देशातले उत्तम शास्त्रज्ञ त्याच देशाच्या प्रश्नांपासून दूर केले. चियान शुएसेन यांच्या वेळी जे एका माणसाबाबत झाले ते आता संख्येने होते आहे.

भारतात आपण हे परक्याचे दुखणे म्हणून वाचू शकत नाही. इस्रोचे नंबी नारायणन यांना नोव्हेंबर १९९४मध्ये केरळ पोलिसांनी हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले. १९९६मध्ये सीबीआयने सगळे प्रकरण निराधार असल्याचे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ५० लाखांची भरपाई दिली ती २०१८मध्ये, म्हणजे अटकेनंतर चोवीस वर्षांनी. क्रायोजेनिक इंजिनाच्या कामातला एक मोहरा त्या काळात बाजूला पडला. परदेशी माणसाशी संबंध या एका शब्दावर शास्त्रज्ञाचे आयुष्य मोडते, हे आपण घरात पाहिले आहे.

दुसरा धागा थेट आपल्या माणसांपर्यंत पोचतो. पुण्यामुंबईतून, नागपूर-औरंगाबादेतून शिकून अमेरिकी विद्यापीठांत प्राध्यापक झालेले अनेक जण आहेत. भारत सरकारने २०१७मध्ये ‘वज्र’ योजना सुरू केली, पुढे ‘वैभव’ आली. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी वर्षातले काही आठवडे भारतीय संस्थेत येऊन काम करावे, त्यासाठी मानधन घ्यावे, अशा या योजना. त्या चांगल्याच आहेत आणि भारत चिप्स अँड सायन्स कायद्यातल्या त्या चार देशांच्या यादीत नाही. तरीही अमेरिकेत सरकारी अनुदान घेणाऱ्याने हे पद आणि हे मानधन आपल्या विद्यापीठाला आणि अनुदान संस्थेला कळवावेच लागते. आज मित्र असलेला देश उद्या कोणाच्या नजरेत काय ठरेल, याची हमी शास्त्रज्ञाला देता येत नाही. २०१०मध्ये चीनमधल्या मानद पदाबद्दल कोणी भुवई उंचावली नव्हती.

म्हणून तिकडे काम करणाऱ्या मराठी संशोधकांना माझे सांगणे असे: आयआयटी असो, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा असो, की गावच्या महाविद्यालयातले बिनपगारी मानद पद असो, ते लिहा. शंका असेल तर विद्यापीठाच्या संशोधन कार्यालयाला लेखी विचारा आणि त्यांचे लेखी उत्तर जपून ठेवा. परदेशातला पैसा कर विवरणपत्रात दाखवा. आणि भारतीय संस्थांनी परदेशस्थ प्राध्यापकाला बोलावताना त्याच्या विद्यापीठाची लेखी संमती पाहिल्याशिवाय नियुक्तीपत्र देऊ नये. आपल्या कुलगुरूंनी आणि संचालकांनी एमआयटीचे त्या जानेवारीतले वागणे आठवावे: प्राध्यापकावर संशय आला तर आधी कागद स्वतः वाचा, त्याचे ऐका, आणि तो खरा असेल तर वकिलाचा खर्च संस्थेने करावा.